सैनिकांचे पुनरुत्थान

पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ इंग्रज चित्रकार सर स्टॅन्ली स्पेन्सर (३० जून १८९१–१४ डिसेंबर १९५९) याने रंगविलेले भव्य चित्र. मूळ इंग्रजी नाव ‘द रेझरेक्शन ऑफ द सोल्जर्स’. इंग्लंडच्या हँपशर परगण्यातील बर्गक्लेअर या खेड्यात असलेल्या सँडम स्मारक प्रार्थनामंदिराची वेदीमागील संपूर्ण भिंत या चित्राने व्यापलेली आहे. त्याचे रंगकाम मुख्यत्वे १९२८–२९ या काळात झाले. मंदिरातील १९ चित्रांच्या मालिकेचा ते परमोच्च बिंदू असून ही संपूर्ण मालिका १९३२ मध्ये पूर्ण झाली. युद्धोत्तर शोक आणि त्या शोकातूनच उगवणारी आशा यांचा एकत्रित आविष्कार घडविणाऱ्या विसाव्या शतकातील यूरोपीय चित्रांत या कलाकृतीचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. युद्धस्मारक असूनही तीत लढाई नाही, विजय नाही, शत्रू नाही आणि वीरपुरुषही नाही. मृत सैनिक आपापल्या थडग्यांतून उठतात, सोबत्यांशी हस्तांदोलन करतात आणि थडग्यांवरील क्रूस ख्रिस्ताच्या स्वाधीन करतात, एवढाच तिचा विषय आहे.

पार्श्वभूमी : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ब्रिटनचे सात लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. एवढ्या मोठ्या प्रमाणावरील प्राणहानीमुळे मृतांचे स्मरण कसे करावे, हा प्रश्न केवळ खाजगी दुःखाचा न राहता सार्वजनिक स्वरूपाचा बनला. रणभूमीवर मृत्यू पावलेल्यांचे देह मायदेशी आणावयाचे नाहीत, असे धोरण ब्रिटिश शासनाने स्वीकारले होते. त्यामुळे बहुसंख्य कुटुंबांना अंत्यविधी करता आला नाही, की थडग्याचे नित्य दर्शनही घडले नाही. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या साम्राज्य युद्धसमाधी आयोगाने दफनभूमींची व्यवस्था हाती घेतली. हुद्दा, कुल वा संपत्ती यांचा भेद न करता सर्वांच्या थडग्यांवर एकसारख्या शिळा उभारण्याचे तत्त्व आयोगाने अंगीकारले. लंडनमध्ये एडविन लट्येन्सने अभिकल्पिलेले ‘सेनोटॅफ’ हे रिक्त समाधीचे स्मारक व वेस्टमिन्स्टर ॲबीमधील अज्ञात सैनिकाची समाधी ही दोन्ही १९२० मध्ये सिद्ध झाली. त्यानंतर गावोगावी नामफलक, स्तंभ आणि क्रूस उभे राहिले.

युद्धकाळात घाईने केलेल्या दफनांवर साधे लाकडी क्रूस रोवलेले असत. आयोगाच्या दगडी शिळा बसविण्याचे काम १९२० नंतरच्या दशकात सुरू झाले, तेव्हा हे लाकडी क्रूस टप्प्याटप्प्याने काढण्यात आले. मृताच्या नातलगांना मागणी केल्यास ते देण्यात येत. असे अनेक क्रूस पुढे इंग्लंडमधील ग्रामीण चर्चवास्तूंत ठेवले गेले. स्पेन्सरच्या चित्रातील क्रुसांच्या दाटीचा विचार करताना हा संदर्भ ध्यानात घ्यावा लागतो. ज्या काळात प्रत्यक्ष दफनभूमींतून लाकडी क्रूस नाहीसे होत होते, त्याच काळात तो ते एका भिंतीवर रंगवीत होता. चित्र प्रथम पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ते केवळ धर्मचिन्ह नव्हते, तर नुकत्याच घडून गेलेल्या दुःखाची ओळखीची वस्तू होती.

चित्रकलेच्या द्वारे युद्धाचे स्मरण जतन करण्याचा शासकीय प्रयत्नही झाला होता. माहिती मंत्रालयाच्या अखत्यारीतील युद्धस्मारक समितीने १९१८ मध्ये ‘हॉल ऑफ रिमेंब्रन्स’ या स्मृतिमंदिराची योजना आखली. वास्तुकार चार्ल्स होल्डन याने त्याचा आराखडा केला व निवडक चित्रकारांकडून मोठी चित्रे मागविण्यात आली. जॉन सिंगर सार्जंटचे ‘गॅस्ड’ व पॉल नॅशचे ‘द मेनिन रोड’ ही त्यांपैकी प्रसिद्ध चित्रे होत. निधीअभावी ही वास्तू मात्र उभी राहिली नाही आणि तिच्यासाठी काढलेली चित्रे इंपीरियल वॉर म्यूझीयमच्या संग्रहात गेली. या योजनेत स्पेन्सरचाही सहभाग होता. जे स्मृतिमंदिर राज्यसंस्थेला उभारता आले नाही, ते पुढे एका कुटुंबाच्या आश्रयाने खेड्यात साकार झाले.

स्पेन्सर आणि युद्ध : स्पेन्सरचा जन्म टेम्स नदीकाठच्या कुकम या बर्कशर परगण्यातील खेड्यात झाला. १९०८ ते १९१२ या काळात त्याने लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये कलाशिक्षण घेतले. तथापि त्याच्या प्रतिभेचे खरे पोषण कुकममध्येच झाले. बायबलमधील घटना तो आपल्या गावच्या गल्लीबोळांत, अंगणांत आणि चर्चच्या आवारात घडताना पाहत असे. पवित्र आणि दैनंदिन यांत भेद न करणारी ही दृष्टी त्याला युद्धापूर्वीच लाभलेली होती. युद्धाने तिची कसोटी पाहिली.

१९१५ मध्ये तो रॉयल आर्मी मेडिकल कोअरमध्ये दाखल झाला. त्याची नेमणूक ब्रिस्टल येथील ब्यूफर्ट युद्धरुग्णालयात रुग्णसेवक म्हणून झाली. मूळच्या मनोरुग्णालयाचे युद्धकाळात रूपांतर करून हे रुग्णालय सुरू करण्यात आले होते. फरशा घासणे, कपड्यांची वर्गवारी करणे, चहाची भांडी भरणे, अंथरुणे घालणे अशी अखंड व कष्टाची कामे त्याच्या वाट्याला आली. चित्रकलेपासून तुटलेल्या या दिवसांत डेझ्मंड शूट या तरुण स्नेह्यामुळे त्याचा सेंट ऑगस्टीनच्या (३५४–४३०) ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाशी परिचय झाला. ईश्वर सदैव कार्यमग्न असूनही सदैव शांत असतो, हा त्यातील विचार त्याला फार मोलाचा वाटला. हलक्यातले हलके कामही उपासनेचे रूप घेऊ शकते, ही त्याची धारणा त्यातून दृढ झाली. बर्गक्लेअरच्या चित्रमालिकेचे वैचारिक बीज येथे आढळते.

१९१६ मध्ये त्याला मॅसिडोनियाच्या आघाडीवर पाठविण्यात आले. सॅलोनिका बंदराच्या उत्तरेस पसरलेल्या या आघाडीवर ब्रिटन, फ्रान्स, सर्बिया इत्यादी राष्ट्रांच्या फौजा बल्गेरियाच्या फौजांसमोर उभ्या होत्या. तेथे दीर्घकाळ मोठी हालचाल झाली नाही. लढाईपेक्षा मलेरियादी रोगांनीच ब्रिटिश सैनिक अधिक संख्येने जायबंदी झाले. स्पेन्सरलाही मलेरियाने ग्रासले. प्रथम त्याने फिरत्या रुग्णपथकांतून जखमींची ने-आण केली. १९१७ मध्ये त्याने स्वेच्छेने पायदळात जाण्याची तयारी दर्शविली व तो रॉयल बर्कशर रेजिमेंटच्या सातव्या पलटणीत दाखल झाला. बल्गेरियाबरोबरचा युद्धविराम २९ सप्टेंबर १९१८ रोजी झाला. त्याच महिन्यात फ्रान्समधील लढाईत स्पेन्सरचा भाऊ सिडनी मारला गेला. डिसेंबर १९१८ मध्ये स्पेन्सर कुकमला परतला.

वर उल्लेखिलेल्या स्मृतिमंदिरासाठी त्याने १९१९ मध्ये एक चित्र काढले. मॅसिडोनियातील स्मॉल येथे खेचरांच्या ओढगाड्यांवरून जखमींना शुश्रूषाकेंद्रात आणले जात असल्याचा तो प्रसंग आहे. एका जुन्या ग्रीक चर्चमध्ये शस्त्रक्रिया चालू आहे. उजळलेल्या दाराकडे खेचरे व माणसे तोंड करून उभी आहेत. विव्हळणे वा रक्तपात यांऐवजी तेथे एक प्रकारची स्तब्धता जाणवते आणि येशूच्या जन्मप्रसंगाच्या परंपरागत चित्रांची आठवण होते. बर्गक्लेअरची दिशा या चित्रातच सूचित झालेली आहे.

प्रार्थनामंदिराची उभारणी : १९२३ मध्ये डॉर्सेट परगण्यात हेन्री लँब या चित्रकार मित्राकडे राहत असताना स्पेन्सरने आपल्या युद्धस्मृतींवर आधारित एका संपूर्ण चित्रमंदिराची रेखने तयार केली. त्या वेळी त्याच्यापाशी ना वास्तू होती ना आश्रयदाता. लुइस व मेरी बेरेंड हे कलाप्रेमी दांपत्य तेथे आले असता त्यांनी ही रेखने पाहिली. मेरी बेरेंड हिचा भाऊ लेफ्टनंट हेन्री विलोबी सँडम हा मॅसिडोनियाच्या मोहिमेत जडलेल्या आजाराने १९१९ मध्ये मृत्यू पावला होता. चित्रकाराच्या आठवणी आणि या कुटुंबाचे दुःख यांची भूमी अशा रीतीने एकच होती. बेरेंड दांपत्याने या चित्रांसाठी स्वतंत्र वास्तू बांधण्याचे ठरविले.

लायनेल पिअर्सन या वास्तुकाराने स्पेन्सरच्या कल्पनेस अनुसरून वास्तूचा आराखडा केला. तांबड्या विटांचे हे मंदिर बाहेरून अत्यंत साधे असून त्याच्या दोन्ही बाजूंस धर्मार्थ निवासगृहे आहेत. १९२७ मध्ये ‘ओरेटरी ऑफ ऑल सोल्स’ म्हणजे सर्व मृतात्म्यांचे प्रार्थनागृह या नावाने त्याचे समर्पण झाले. एका व्यक्तीच्या स्मरणार्थ बांधलेल्या वास्तूला सर्व मृतात्म्यांचे नाव मिळाले, ही बाब अर्थपूर्ण आहे. चित्रमालिकेचा विषयही सँडमचे चरित्र हा नाही. आश्रयदात्यांनी तशी अपेक्षा ठेवली नाही आणि चित्रकाराला विषय व मांडणी यांबाबत मोकळीक दिली. पत्नी हिल्डा कारलाइन ही चित्रकर्ती व कुटुंबीय यांच्यासह स्पेन्सर बर्गक्लेअर येथे राहावयास गेला आणि १९३२ पर्यंत त्याने हे काम तडीस नेले.

या योजनेचा आदर्श म्हणजे इटलीतील पॅड्युआ येथील अरीना चॅपेलमधील जॉत्तोची (सु. १२६७–१३३७) भित्तिचित्रे होत. जॉन रस्किनच्या लेखनाद्वारे व छायाप्रतींवरून स्पेन्सर त्यांच्याशी परिचित होता. भिंतींवर क्रमाने रचलेली चित्रे आणि एका भिंतीवर त्यांची परिणती घडविणारे महाचित्र ही कल्पना त्याने तेथून घेतली. मात्र जॉत्तोप्रमाणे ओल्या गिलाव्यावर रंगविण्याची त्याची इच्छा सफल झाली नाही. बर्गक्लेअरची चित्रे कॅन्व्हासवर तैलरंगांत केलेली आहेत. त्यांतील मंद मातकट, राखी व करड्या छटांमुळे ती भिंतीशी एकरूप झालेली भासतात.

बाजूच्या भिंतींवरील चित्रे : उत्तर व दक्षिण या दोन्ही भिंतींवर प्रत्येकी चार कमानदार चित्रे असून प्रत्येकाखाली एक लहान आडवे चित्र आहे. या सोळा चित्रांच्या वरच्या अंगास दोन्ही भिंतींवर एकेक विस्तीर्ण चित्र पसरलेले आहे. उत्तरेकडे ‘करासूली येथील छावणी’ व दक्षिणेकडे ‘तोदोरोवो येथील नदीचे पात्र’ असे त्यांचे विषय आहेत.

जखमींनी भरलेल्या वाहनासाठी ब्यूफर्ट रुग्णालयाची अवजड लोखंडी दारे उघडली जात आहेत, या दृश्याने मालिकेचा आरंभ होतो. जखमींचे हात पांढऱ्या झोळ्यांत अडकविलेले आहेत. त्यापुढील चित्रांत रुग्णालयातील व छावणीतील नित्याची कामे दिसतात. युद्धाच्या धक्क्याने मन विस्कटलेला एक सैनिक जमिनीवर पसरून फरशी घासत आहे आणि पावांची तबके नेणारे रुग्णसेवक त्याच्या बाजूने जात आहेत. कोणी रुग्णाच्या पाठीला औषध लावीत आहे, कोणी धुलाईचे कपडे मोजीत आहे, तर कोणी थंडीने बाधलेल्या पायांची शुश्रूषा करीत आहे. अन्यत्र सैनिक झऱ्यावर पाण्याच्या बाटल्या भरतात. तेव्हा त्यांच्या पाठीवरील अंगरखे पंखांसारखे भासतात. एका चित्रात घोड्यावर बसलेला अधिकारी भला मोठा नकाशा उलगडून पाहत आहे आणि भोवतीचे सैनिक विसावले आहेत वा झुडपांतील फळे खुडीत आहेत. नदीच्या पात्रात कपडे धुणारे आणि रंगीत खड्यांनी आपल्या पथकाची चिन्हे जमिनीवर रचणारे सैनिकही दिसतात.

या कामांमध्ये मृत्यूची छाया अधूनमधून डोकावते. ‘रेव्हेली’ या पहाटेच्या चित्रात मच्छरदाण्यांखालील आकृती कफनात गुंडाळल्यासारख्या दिसतात. खंदकांच्या चित्रात लढाईचा सर्व सरंजाम बांधून सैनिक बाहेर डोके काढतात आणि जणू काही अनपेक्षित घडल्याप्रमाणे थबकतात. युद्ध अकस्मात संपले असल्याची वार्ता यावी, असा तो क्षण आहे. या चित्रातील जमिनीतून वर येणारी माणसे वेदीमागील पुनरुत्थानाची पूर्वसूचना देतात. अशा तऱ्हेने प्रेक्षक त्या मुख्य चित्रापाशी पोहोचतो, तेव्हा तेथील चमत्कार त्याला परका वाटत नाही.

मुख्य चित्राची रचना : वेदीमागील चित्राची उंची सु. ६ मी. पेक्षा अधिक आहे. प्रसंगस्थळ मॅसिडोनियातील कालिनोवो गावाजवळचा उजाड डोंगराळ प्रदेश आहे. अग्रभागी, म्हणजे वेदीच्या लगत, पांढऱ्या क्रुसांची दाटी झालेली असून त्यांच्यामधून सैनिक थडग्यांबाहेर येत आहेत. काही जण शेजारच्या थडग्यातून उठलेल्या सोबत्याशी हस्तांदोलन करतात. एखादा पायपट्ट्या सावरतो. कोणी भांबावलेल्या नजरेने क्रुसाच्या चौकटीतून बाहेर पाहतो. प्रत्यक्ष वेदी आणि चित्रातील थडगी यांमध्ये अंतर उरत नाही. त्यामुळे उपासनेस बसलेली व्यक्ती त्या दफनभूमीच्या काठावरच असल्याचा आभास निर्माण होतो.

चित्राच्या मध्यभागी एक मोडलेली गाडी व तिला जुंपलेली दोन खेचरे आहेत. कोसळून मेलेली ही खेचरेही जिवंत होत असून माना वळवून मागे पाहत आहेत. गाडीच्या फळ्यांवर आडवा झालेला एक तरुण सैनिक क्रुसावरील ख्रिस्ताची लहानशी प्रतिमा एकटक न्याहाळत आहे. ही खेचरे, गाडी आणि सैनिक यांच्यामुळे विस्कळित भासणाऱ्या विशाल रचनेला स्थिर केंद्र लाभले आहे. खेचरांच्या माना ज्या दिशेला वळल्या आहेत, त्या दिशेने पाहणाऱ्याची दृष्टी वर जाते आणि तेथे शुभ्र वस्त्रांतील ख्रिस्त दिसतो.

यूरोपीय परंपरेतील अंतिम न्यायाच्या चित्रांत ख्रिस्त सर्वांहून मोठा, सिंहासनस्थ आणि रचनेच्या शिरोभागी असतो. स्पेन्सरचा ख्रिस्त दूर, लहान आणि सैनिकांच्या घोळक्यात बसलेला आहे. प्रथमदर्शनी तो नजरेतूनही सुटतो. तो हात उंचावून निवाडा करीत नाही. सैनिक आपापले क्रूस घेऊन त्याच्याकडे येतात आणि तो ते स्वीकारतो. सेवामुक्त होणारा सैनिक आपली बंदूक व सरंजाम भांडारात जमा करतो, त्या साध्या लष्करी रिवाजाशी या कृतीचे साम्य आहे. जॉत्तोच्या अंतिम न्यायात स्वर्गाबरोबर नरकही आहे. स्पेन्सरच्या चित्रात नरकाला जागाच नाही. जे काही भोगावयाचे होते ते या माणसांनी अगोदरच भोगले आहे, असे त्यावरून सूचित होते.

रचनेच्या दृष्टीने क्रुसांची योजना विशेष उल्लेखनीय आहे. एकच आकार येथे अनेक कार्ये पार पाडतो. कोठे तो थडग्याची खूण असतो, कोठे खांद्यावरचे ओझे, कोठे आधाराचा खांब, तर कोठे चेहऱ्याभोवतीची चौकट. तिरप्या, उभ्या व एकमेकांवर पडलेल्या क्रुसांमुळे अग्रभागी गुंतागुंतीची जाळी तयार होते. वरच्या बाजूस ती विरळ होत जाते आणि अवकाश मोकळा होतो. दाटीतून मोकळीकीकडे जाणारी ही गती हेच चित्राचे अंतर्गत कथानक होय.

शोक आणि आशा : या चित्रातील आशा शोकाला बाजूस सारून येत नाही, हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. क्रुसांची संख्या कोठेही लपविलेली नाही. उलट, तेच चित्रातील प्रमुख दृश्य सत्य आहे. प्रत्येक क्रूस एकेका मृत्यूची नोंद आहे. मात्र नातलगांकडे परत आलेला क्रूस हा प्रत्यक्ष जीवनात वियोगाचा अखेरचा पुरावा ठरत असे, तर चित्रात तो क्रूस स्वतः मृत सैनिकच परत करतो. दुःखाचे चिन्ह तेच राहते, परंतु ते वाहणारे हात बदलतात. विजयचिन्हे, ध्वज, देवदूतांचे तुतारीवादन यांपैकी कशाचाही आधार न घेता केवळ या एका फरकाने चित्रकाराने शोकाचे आशेत परिवर्तन केले आहे.

आशेचे स्वरूपही येथे वेगळे आहे. पुनरुत्थान पावलेल्या सैनिकांना कीर्ती वा दिव्य देह प्राप्त होत नाही. त्यांना परत मिळतात ती सोबत्याचा हात, अंगावरचे नित्याचे कपडे आणि जनावरांचे सान्निध्य. बाजूच्या भिंतींवर जी साधी कामे दिसतात, तीच जणू या मूल्यवान जीवनाची सामग्री ठरतात. हिंसेने जे हिरावून घेतले ते असामान्य नसून सामान्य होते. म्हणून परत मिळावयाचे तेही सामान्यच असावे, अशी या मालिकेची भूमिका आहे. खेचरांना पुनरुत्थानात दिलेले स्थान याच भूमिकेतून आलेले आहे. मॅसिडोनियाच्या दुर्गम वाटांवर खेचरे हीच वाहतुकीचा आधार होती आणि माणसांच्या युद्धात तीही मेली होती.

या दृष्टीला मर्यादा आहेत. रणांगणावरील प्रत्यक्ष क्रौर्य, जबाबदारीचा व दोषाचा प्रश्न तसेच घरी उरलेल्या स्त्रिया व मुले या मालिकेत येत नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेचा संदर्भ बाजूस ठेवला, तर मध्यवर्ती प्रसंगाचा अर्थ अपुरा राहतो, असेही म्हणता येईल. तथापि स्पेन्सरचा उद्देश युद्धाची मीमांसा करणे हा नव्हता. स्वतः अनुभवलेल्या काळातील जे जे माणुसकीने भरलेले होते, ते वाचविणे हा होता. संहाराचे चित्र टाळून त्याने संहाराचा इन्कार केलेला नाही. रिकाम्या थडग्यांची दाटी पाहताना त्याची व्याप्ती आपोआप ध्यानात येते.

समकालीन चित्रांशी तुलना : महायुद्धाने यूरोपीय चित्रकारांसमोर जो पेच निर्माण केला, त्याची उत्तरे भिन्नभिन्न होती. पॉल नॅशच्या ‘वुई आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड’ (१९१८) या चित्रात तोफांनी उखडलेली भूमी, ठुंठ झालेली झाडे आणि त्यांवर उगवणारा सूर्य एवढेच दिसते. त्याच्या शीर्षकातील ‘नवे जग’ हा शब्दप्रयोग कठोर उपरोधाचा आहे. सार्जंटच्या ‘गॅस्ड’ (१९१९) मध्ये विषारी वायूने अंध झालेल्या सैनिकांची रांग एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून चाललेली असून मांडणी प्राचीन शिल्पपट्टासारखी भारदस्त आहे. जर्मन चित्रकार ऑटो डिक्स याने १९२९–३२ मध्ये, म्हणजे बर्गक्लेअरचे काम चालू असतानाच, ‘युद्ध’ हे चित्र रंगविले. तेही ख्रिस्ती वेदीचित्राच्या घाटात बांधलेले आहे. मात्र त्याच्या खालच्या पट्टात आडवे पडलेले सैनिक उठत नाहीत. दोन शत्रुराष्ट्रांतील, परंतु दोघेही प्रत्यक्ष आघाडीवर राहून आलेल्या या चित्रकारांनी एकाच वेळी वेदीचित्राची जुनी परंपरा जवळ केली. एकाने तिच्यातून सांत्वन काढून घेतले, तर दुसऱ्याने सांत्वन दिले. ही दोन्ही चित्रे एकत्र विचारात घेतल्यास त्या पिढीच्या मनःस्थितीचे अधिक पूर्ण आकलन होते.

स्पेन्सरच्या स्वतःच्या निर्मितीतही पुनरुत्थान हा विषय पुनःपुन्हा येतो. ‘कुकममधील पुनरुत्थान’ (१९२४–२७) या चित्रात त्याच्या गावचे लोक चर्चच्या आवारातील थडग्यांतून निवांतपणे उठतात. ते वैयक्तिक सुखाचे चित्र आहे. बर्गक्लेअरमध्ये तोच विषय ऐतिहासिक शोकाला सामोरा जातो. दुसऱ्या महायुद्धात स्पेन्सरची युद्धचित्रकार म्हणून नियुक्ती झाली आणि त्याने स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणी कामगारांची चित्रे काढली. तेथील दफनभूमी पाहून सुचलेल्या चित्रमालिकेतील ‘पोर्ट ग्लासगो येथील पुनरुत्थान’ (१९४७–५०) हे त्याचे या विषयावरील उत्तरकालीन महत्त्वाचे चित्र होय.

उत्तरकाल व मूल्यमापन : चित्रमालिका पूर्ण झाल्यानंतर अवघ्या सात वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. पहिले युद्ध हे सर्व युद्धांचा शेवट करणारे युद्ध ठरेल, ही त्या पिढीची अपेक्षा व्यर्थ ठरली. परंतु बर्गक्लेअरच्या चित्राचा आशय त्यामुळे खोटा पडला नाही. कारण पुन्हा युद्ध होणार नाही, असे आश्वासन त्याने दिलेच नव्हते. मृतांना विसरावयाचे नाही आणि त्यांच्या मृत्यूचा गौरवही करावयाचा नाही, एवढीच मर्यादित परंतु कठीण गोष्ट त्याने साधली होती.

१९४७ मध्ये बेरेंड दांपत्याने हे मंदिर नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सुपूर्त केले. तेव्हापासून त्याची देखभाल ही संस्था करीत आली आहे. स्पेन्सरला १९५९ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी त्याचे निधन झाले. वास्तूची दुरुस्ती चालू असताना २०१३–१४ मध्ये बाजूच्या भिंतींवरील सोळा चित्रे लंडनमधील सॉमरसेट हाउस येथे व त्यानंतर चिचेस्टर येथे प्रदर्शित करण्यात आली. पुनरुत्थानाचे चित्र भिंतीशी कायमचे जोडलेले असल्याने ते मात्र जागेवरून हलविता आले नाही. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने या मालिकेकडे अभ्यासकांचे व रसिकांचे लक्ष नव्याने वेधले गेले.

सैनिकी स्मारकांची परंपरा सामान्यतः पराक्रम, त्याग व राष्ट्रभक्ती या मूल्यांना उठाव देते. बर्गक्लेअरच्या स्मारकात फरशी घासणारा सैनिक आणि थडग्यातून उठणारा सैनिक एकाच मोलाचे आहेत. मृतांचे स्मरण त्यांच्या मरणाच्या क्षणावरून न करता त्यांच्या जगण्याच्या लहानसहान कृतींवरून करावे, हा विचार या चित्रमालिकेने दृश्य रूपात मांडला. शोकाला शब्दांचा वा घोषणांचा आधार अपुरा पडतो, तेव्हा अशा कृतींचे स्मरणच आशेला जागा करून देते. चित्रकलेच्या इतिहासात आणि युद्धोत्तर समाजाच्या भावजीवनाच्या इतिहासात ‘सैनिकांचे पुनरुत्थान’ या चित्राचे महत्त्व याच कारणाने टिकून राहिले आहे.